बसलेल्या बाईचे डोके

या अंकाच्या संपादकांनी माझ्या नोकरीविषयी लिहा म्हणून बरेच दिवस पिच्छा पुरवला. त्यांना हव्या आहेत मजेदार आठवणी. ज्याने उमेदीची वर्षे हाडे गोळा करण्यात घालवली त्याच्याकडे भुताखेतांच्या गोष्टी असणारच, अशी त्यांची समजूत. तर आधीच सांगून टाकतो, भूत मी एकही पाहिले नाही. मेलेल्यांनी मला कधी त्रास दिला नाही, उलट त्यांच्या संगतीत मी चांगला रमलो. मला हसतखेळतच लिहायचे होते, पण त्या बाईची आठवण झाली की माझे डोके तापते, आणि हाडांविषयी लिहायचे म्हटले की पहिली तीच आठवते. तेव्हा ऐन दिवाळीत एका म्हाताऱ्याचा संताप वाचावा लागेल, त्याला माझा इलाज नाही. ज्या मंडळाने ते खोदकाम चालवले त्याचे नाव लिहू नका, असे संपादकांनी बजावले आहे. ठीक आहे, नाही लिहीत.

मी मूळचा धारवाडचा, शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर. त्या मंडळाचे साहेब एकदा शाळेत आले. त्यांना आहे तसे चित्र काढणारा माणूस हवा होता, मनाने सुंदर करणारा नको होता. माझी चित्रे पाहून ते म्हणाले, "तुम्ही वांगं काढता ते किडक्या भोकासकट काढता. चला माझ्याबरोबर." मी गेलो. दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच्या काळातली ही गोष्ट. साहेब गोरे नव्हते, आपल्यातलेच होते, विलायतेत शिकून आलेले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोरा असता तर दोन शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो.

आमचे काम काय होते ते थोडक्यात सांगतो. धारवाडहून पूर्वेला निघालात की काळी जमीन संपून मधूनमधून खडकाळ माळ लागतात. तिथे मोठमोठ्या दगडांची गोल कडी मांडलेली दिसतात. गावकरी त्यांना पांडवांची घरे म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ती थडगी आहेत, लिहिणे-वाचणे या मुलखात यायच्या आधीच्या माणसांची. त्यांचे नाव-गाव, भाषा, देव, काही म्हणजे काही कोणाला ठाऊक नाही. कड्याच्या मध्यावर खणले की चार उभ्या शिळांची पेटी लागते, तिच्यात काळी-तांबडी मडकी, आणि नशीब असेल तर हाडे. बहुतेक वेळा नशीब नसते. आपली माती हाड खाऊन टाकते आणि मागे पांढरी भुकटी ठेवते.

जिथे हाड टिकलेले असते तिथेही ते हाड राहिलेले नसते. चहात बुडवलेल्या बटरासारखे झालेले असते, उचलायला जावे तर बोटांत तुटते. म्हणून आधी बांबूच्या काडीने आणि मऊ कुंचल्याने माती काढायची. मग सावलीत सावकाश वाळू द्यायचे, ऊन लागले की तडकले. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून थेंब थेंब पाजायची. एक थर वाळला की दुसरा. हाड पिवळसर आणि चकचकीत दिसू लागले की समजावे, आता हे उचलू देईल. ही लाख मी हुबळीला कमरीपेठेतल्या एका दुकानातून आणायचो. दुकानदार अण्णा निपाणीकडचे, थट्टेखोर. "मास्तर, यंदा पॉलिश कपाटाला की मढ्याला?" असे भर गिऱ्हाइकांत मोठ्याने विचारायचे. एक सुतार तेव्हापासून माझ्या शेजारी उभा राहीनासा झाला.

घरी तर विचारू नका. मी दौऱ्यावरून आलो की आई मागल्या दारी हंडाभर ऊन पाणी तयार ठेवायची. "काय करायलायस रे तिकडे? कुणाचं सुतक कुणाच्या घरात आणायलायस?" असे म्हणत ती दारातूनच तांब्याने पाणी ओतायची. मी सांगायचो, "अगं, हजारो वर्षं झाली त्यांना जाऊन, सुतक कधीच फिटलं." त्यावर ती म्हणायची, "त्यांचं फिटलं असेल. तुला शिवलं ते आज शिवलं." माझ्या लग्नाच्या बोलण्यात मुलीच्या मामांनी नोकरी कसली म्हणून विचारले, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, घाईघाईने "नकाशे काढतो" असे सांगून टाकले. ते अगदीच खोटे नव्हते.

आमच्याकडे येणारी मंडळीही एकेक वल्ली. एक सावकार टांगा करून माळावर आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, खरं सांगा, सोनं कुठल्या मडक्यात असतं?" मी त्यांना एका मडक्यात जळकी नाचणी दाखवली. माणूस मेल्यावरही त्याच्या जेवणाची काळजी करणारे लोक होते, हे किती मोठे आहे, असे मी त्यांना सांगू लागलो. त्यांनी नाचणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि टांगा वळवला. भोवतालच्या गावांत मात्र मला मान होता. एलबिन मास्तर म्हणायचे मला, म्हणजे हाडांचे मास्तर.

आता त्या बाईकडे येतो.

गावाचे नाव सांगत नाही, कारण सोने शोधणारे सावकार अजून जिवंत आहेत. तिथल्या गौडाच्या, म्हणजे पाटलाच्या, शेतात एक कडे होते. पेटी उघडली आणि मी बघतच राहिलो. आत एक माणूस बसलेले होते. गुडघे छातीशी घेतलेले, पाठ शिळेला टेकलेली, मान किंचित पुढे झुकलेली. एका शिळेला मुद्दाम ठेवलेल्या गोल भोकातून वर्षानुवर्षे वस्त्रगाळ माती आत झिरपली होती, तिने सगळी हाडे जागच्या जागी धरून ठेवली होती. पायापाशी दोन वाडगे. साहेब खड्ड्यात उतरले, कमरेचे हाड कुंचल्याने साफ केले आणि म्हणाले, "मास्तर, ही बाई आहे. बघा, किती रुंद आहे. मुलंबाळं झालेली असावी." मग घोट्याचे हाड दाखवले. त्याच्या पुढच्या कडेला एक गुळगुळीत घासल्यासारखी जागा होती. "हे उकिडवं बसून होतं. जन्मभर चुलीपुढं, जात्यापुढं बसली असेल." मला हाडे वाचायला शिकवले ते या माणसाने. त्या दिवशी त्यांच्याविषयी माझ्या मनात जेवढा आदर होता तेवढा मी माझ्या गुरुजींचाही केला नसेल.

बाई सापडल्याची बातमी गावात गेली आणि सगळा गाव शेतावर लोटला. तोवर आम्ही खणत होतो ते त्यांना चालत होते. पांडवांचे घर, पांडव बघून घेतील. पण हे गाव लिंगायतांचे. ते आपल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवेही पुरत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, बेलाची पाने वाहतात आणि माती लोटतात. गौडाची म्हातारी आई गंगव्वा काठी टेकत काठावर आली, वाकून तिने आत पाहिले आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला. "कुंताळ नोडरी," ती म्हणाली. बसली आहे, बघा. मग माझ्याकडे वळून, "आकी नम्माकी री." ती आमचीच आहे.

मी कानडीत पुष्कळ समजावले. ही बाई बसवण्णांच्याही आधीची, राजे-रजवाड्यांच्या आधीची, तिचा धर्म कुठला ते देवालाही आठवत नसेल. गंगव्वा सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "असेल की. पण कोणी तरी बसवलंयच ना तिला? जाळलं नाही, टाकलं नाही, बसवलंय. मग आमचीच." चूक तर चूक, पण ती चूक मला आमच्या शास्त्रापेक्षा बरी वाटली, कारण त्या खड्ड्याभोवती तेवढ्या माणसांत त्या बाईला माणूस समजणारी पहिली गंगव्वाच होती.

खोदकाम थांबले. गौडा समंजस माणूस, त्याने तोड काढली. बाईला बाहेर काढा, बघा, मापे घ्या, चित्रे काढा. पण तिचे एक हाडही कुठे जाता कामा नये, आणि उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी तिला होती तशी परत बसवायची. साहेब म्हणाले, "कबूल." गौडाच्या ओसरीवर तबक आले. त्या बाजूला शब्द दिला-घेतला की एली-अडकी घेतात, म्हणजे पान-सुपारी. लग्न त्याच्यावर ठरते, बैल त्याच्यावर विकला जातो, भावाभावांच्या वाटण्या होतात. कागद कोणी मागत नाही. साहेबांनी पान घेतले, चुना लावला, खाल्ले, गंगव्वेने दिलेली दुसरी सुपारीही घेतली. मीही घेतले. तोंडे लाल करून आम्ही परत आलो आणि काम पुन्हा सुरू झाले.

बाईला मी कणाकणाने सोडवले. आधी जागच्या जागी चित्र काढले, वरून, समोरून, दोन्ही बाजूंनी. मग वरपासून एकेक हाड लाख पाजून उचलले, कापसात ठेवले, शाईने खूण केली. डोके अखंड निघाले, खालच्या जबड्यासकट. डाव्या बाजूची एक दाढ जिवंतपणीच पडलेली होती आणि तिची जागा भरून आली होती. असे डोके पुन्हा मिळायचे नाही, म्हणून मी त्याचा प्लास्टरचा साचाही घेतला. सगळी हाडे आमच्या तंबूत लाकडी खोक्यांत मांडून ठेवली. गंगव्वा अधूनमधून यायची, खोक्यांकडे बघायची आणि "हं, आहे सगळी" असे म्हणून जायची.

ठरलेला दिवस तोंडावर आला असताना लाख संपली म्हणून मी हुबळीला गेलो. परत आलो तर डोक्याचे खोके रिकामे. मला वाटले साहेबांनी मापे घ्यायला आपल्या तंबूत नेले असेल. तिथे गेलो तर साहेब चहा पीत होते.

"डोकं कुठं आहे साहेब?"

"पाठवलं. आज सकाळीच स्टेशनावर गेलं. मुंबईहून बोटीनं जाईल. फार मोठ्या माणसांनी मागितलंय, मास्तर. आपलं नाव होईल."

"आणि बाकीची बाई?"

"बाकीच्या हाडांना तिकडे कोण विचारतं? त्यांना डोकी लागतात."

खरे होते ते. त्या काळात सगळ्या विद्वानांना डोक्यांचे वेड लागले होते. डोक्याची लांबी घ्यायची, रुंदी घ्यायची, एकीने दुसरीला भागायचे, आणि जे उत्तर येईल त्यावरून माणूस कुठल्या वंशाचा, तो वंश हुशार की मठ्ठ, राज्य करायला जन्मला की राबायला, हे सगळे ठरवायचे. माझे डोके लांबट आहे आणि धाकट्या भावाचे गोल. त्या हिशेबाने आमच्या आईने दोन वंशांना जन्म दिला म्हणायचे. बाईच्या झिजलेल्या घोट्यांत तिचा सगळा जन्म होता, तो कोणाला नको होता. मला त्या क्षणी साहेबांचा चहा लाथेने उडवावासा वाटला. मी एवढेच म्हणालो, "साहेब, आपण पान खाल्लंय."

ते हसले. "पान म्हणजे काय करारपत्र आहे? हे बघा, तुमच्याकडे साचा आहे ना? प्लास्टरचं डोकं करा, चहाच्या पाण्यानं रंगवा आणि बसवून टाका. एकदा माती लोटली की कोणाला कळतंय? म्हातारी खूश, गौडा खूश."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, रागही नव्हता. माझी अडचण सोडवतोय असाच आव होता. मी म्हणालो, "मी आहे तसं चित्र काढणारा माणूस आहे, म्हणूनच तुम्ही मला आणलंत." ते म्हणाले, मग शाळेत परत जा. मी म्हणालो, जातो, पण गावाला सांगून जातो. आमचे नाते तिथे संपले. बारा वाटांनी मन फिरून आले, पण त्या माणसाला मी आजतागायत क्षमा केलेली नाही आणि करायची इच्छाही नाही.

उगादीच्या आधी, ठरल्या दिवशी, गावाने तयारी केली होती. पेटी झाडून स्वच्छ केली होती, बेलाच्या पानांची टोपली, विभूती, नवे कापड, आणि गौडाच्या घरी सगळ्या गावासाठी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजत होती. साहेब आलेच नाहीत, त्यांना महत्त्वाचे काम निघाले. साहेबांना नको असलेली बाकीची खोकी मी गाडीतून उतरवली आणि गौडाला सरळ सांगितले, डोके नाही, बोटीने गेले. मला वाटले हे लोक मला मारतील. मारले असते तर बरे वाटले असते. गौडा नुसता खोक्यांजवळ खाली बसला. त्याच्या चुलत्याने विचारले, "मास्तर, तुम्हीही पान खाल्लं होतंत ना?" मी म्हणालो, "खाल्लं होतं, म्हणून तर आलो."

कोणी तरी म्हणाले, आहे तेवढी बसवून टाकू. त्यावर गंगव्वा बोलली, आणि ती चिडलेली नव्हती, अडलेली होती. "बसवू कशी? डोकं नाही, तर तोंड कुठल्या दिशेला करू?"

त्यांच्याकडे बसवलेल्या माणसाचे तोंड कुठे असावे हे ठरलेले असते. सगळे माझ्याकडे बघू लागले, एलबिन मास्तर काही तरी सांगतील म्हणून. छातीचा पिंजरा पुढे आहे म्हणजे तोंडही पुढेच, असे शरीरशास्त्र मला येत होते, पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. शेवटी त्यांनी हाडे नव्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवली आणि वर माती लोटली नाही. ती पुरी येईपर्यंत खड्डा बुजवायचा नाही, असे ठरले. वर चार खांबांवर गवताचे छप्पर घातले. हुग्गी शिजलेली होती ती त्यांनी मलाही वाढली.

पुढची गोष्ट ऐका. काही वर्षांनी धारवाडच्या एका ग्रंथालयात मला परदेशी छापलेला लेख दिसला. फोटोत आमचेच डोके, माझीच शाईची खूण, दाढेची तीच भरून आलेली जागा. लांबी, रुंदी, भागाकार, वंश, सगळे व्यवस्थित. आणि पहिल्याच ओळीत काय, तर 'प्रौढ पुरुष'. नुसत्या डोक्यावरून बाई-पुरुष ठरवताना चूक होते, त्या विद्वानाला मी दोष देत नाही. पण लेखाखाली साहेबांचे आभार मानलेले होते, म्हणजे त्यांनी तो वाचला होता. ती बाई आहे हे पहिल्यांदा ओळखणारे तेच. एका ओळीचे पत्र लिहून त्यांना ते सांगता आले असते. पण मग कमरेचे हाड कुठे आहे, असा प्रश्न आला असता. म्हणून त्यांनी बाईचा पुरुष होऊ दिला. डोके चोरण्यापेक्षाही मला हे जास्त लागले. कोणाची आई असेल ती, हे ज्याने मला शिकवले त्यानेच ते पुसून टाकले.

मी अर्ज केले. लढाई चालू होती तेव्हा उत्तर आले, बोटी बंद आहेत. लढाई संपल्यावर आले, या डोक्याबरोबरची इतर हाडे आमच्या माहितीत नाहीत, तेव्हा ते तुम्ही म्हणता त्या बाईचे कशावरून? मी माझी चित्रे पाठवली. चित्रे त्यांनी ठेवून घेतली. आता स्वराज्य आले. आपल्या कचेरीत गेलो तर टेबलामागचा तरुण गृहस्थ म्हणाला, "आजोबा, देशापुढं किती प्रश्न आहेत आणि तुम्ही एका कवटीचं काय घेऊन बसलात?" मी त्याला म्हणालो, तुमच्या आजीचं डोकं कोणी नेलं तर देशाचे प्रश्न सुटेपर्यंत थांबाल का? त्याने शिपायाला हाक मारली.

गवताचे छप्पर दरवर्षी नवे घालतात. शेतातली तेवढी जागा गौडाने नांगरायची सोडली आहे. बाजारच्या दिवशी धारवाडला त्या गावचे कोणी भेटले की नमस्कार, तब्येत वगैरे काही विचारत नाही. एकच विचारतो, "बंदळेनरी?" आली का हो? मी म्हणतो, "इन्नू इल्ल." अजून नाही. तो मान हलवतो आणि आपल्या वाटेने जातो. मला जाब कोणी विचारत नाही, आणि त्याचाच मला त्रास होतो.

हा अंक वाचणाऱ्या घरांतली मुले आता शिकायला परदेशी जातात. तिकडे संग्रहालये पाहतात, घरी पत्रे लिहितात. त्यांना माझी विनंती आहे, कपाटांत नीट बघा. पिवळसर, लाखेने चकचकीत झालेले डोके, खालच्या जबड्यात डावीकडची एक दाढ नाही, कानामागे शाईची खूण. समोरच्या चिठ्ठीवर पुरुष लिहिले असेल, ते वाचू नका. आत जा, तिथल्या साहेबाला भेटा आणि सांगा की हे एका बाईचे डोके आहे, तिची माणसे वाट बघत आहेत, ते आम्हाला परत द्या. मोठ्याने मागा. भीक नाही ती.